अंगठ्यावरचं गाणं

रहमतबी ब्रह्मपुरीची चुडीवाली. नवरा तापानं गेला तेव्हा ती तिशीची होती आणि पदरात सुलताना नावाची एक लेक होती. नवऱ्याची टोपली तिनं आपल्या डोक्यावर घेतली आणि वैनगंगेच्या अलीकडची नऊ गावं धरली. नवरा गावात शिरताना आरोळी द्यायचा. रहमतबीला आरोळीची गरज पडली नाही. ती कुणाच्याही सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, टोपली उतरवून नुसती पाणी मागायची, आणि पाणी पिऊन होईपर्यंत चार बायका भोवती जमलेल्या असायच्या.

धानाच्या मुलखातल्या बायकांचे हात राठ. चिखलात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करून, विळा धरून बोटांची पेरं जाड झालेली. काचेची बांगडी त्या पेरांवरून चढवायची म्हणजे बाई अंग चोरायची, हात आखडायची, आणि हात आखडला की बांगडी फुटायची. त्यावर रहमतबीनं एक उपाय काढला होता. बाईचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेऊन ती म्हणायची, "गाणं म्हण वो बाई. कोनतंबी म्हण. बांगडी कवा चढली, तुले समजनारच नाई."

आणि खरंच, बाई गायला लागली की तिचा हात सैल पडायचा.

अशी वर्षानुवर्षं गाणी ऐकता ऐकता रहमतबीला त्यांतलं कळायला लागलं. कुठलं गाणं नुसतंच लांबवलेलं आहे, कुठल्यात एक ओळ बाकीच्या ओळींना ओढून नेते, कोण दुसरीचं म्हणते आणि कोण आपलं. एकदा सावरटोल्याच्या गुणाबाईनं सहज विचारलं, "येवढी गाणी आयकतं तू, तुले सगळ्यात चांगलं कोनतं वाटलं?" रहमतबीनं पंजा पुढं केला आणि एकेका बोटावर एकेक गाणं ठेवलं. अंगठ्यावर पहिलं, करंगळीवर पाचवं. पाचांच्या बाहेर सहावं नाही. त्या दिवशी अंगठ्यावर गुणाबाईचंच गाणं होतं. तिच्या विकलेल्या बैलावर तिनं ते रचलं होतं. बैल नव्या घरी गेल्यावर पाणी पीत नाही, असं त्यात होतं.

ही गोष्ट नऊ गावांत पसरायला एक महिना लागला. मग रहमतबी ज्या गावात जाईल तिथं बांगड्यांच्या आधी तोच प्रश्न. "रहमतबाई, आमचं कोन्या बोटावर हाय?" नवं गाणं आलं की जुनं एक बोट खाली सरकायचं, आणि मग वाद. मधल्या बोटावर बरीच वर्षं एका गोंड म्हातारीचं गोंडी गाणं होतं. बायका म्हणायच्या, "त्याचा अरथ तं तुलेबी समजत नाई." रहमतबी म्हणायची, "नाई समजत. पन दोन दिवस कानातून गेलं नाई, त्याचं काय करू?" आणि मागणी कितीही झाली तरी तिनं ते बोट हलवलं नाही. तिचा निवाडा गावं मानत होती ते यामुळंच. तिची खुशामत करून उपयोग नव्हता. जास्तीच्या डझनभर बांगड्या घेतल्या म्हणून करंगळीवरचं गाणं वर चढत नव्हतं.

सुलतानाला मात्र हे सगळं हसू येण्यासारखं वाटायचं. ब्रह्मपुरीत बसस्टँडजवळच्या हॉटेलात नुकताच रेडिओ आला होता आणि तिची पाची बोटं तिथल्या गाण्यांनी भरली होती.

चोपन्न सालच्या आषाढात रहमतबी खैरटोल्याला गेली. खैरटोला नदीच्या अगदी काठावर. तिथल्या गुणवंतरावांचा मुलगा दसरू, त्याचं आदल्या वर्षी लग्न झालं होतं. सून रंभा नदीपलीकडची, वडशाच्या बाजूची. कोलू ढिवराच्या डोंग्यातून, म्हणजे लाकडी होडीतून, माहेरी जायची, त्याच डोंग्यातून परत यायची. अंगानं बारीक, बोलणं कमी. रहमतबीनं तिचा हात धरला आणि नेहमीसारखं सांगितलं, "गाणं म्हण."

"मले येत नाई, मावशी."

"येत नाई अशी बाई अजून मले भेटली नाई."

रंभानं सासूकडं पाहिलं. सासूनं हसून मान हलवली. मग ती खालच्या आवाजात म्हणाली,

हळू हाक डोंगा रे, डोंगावाल्या दादा,
पल्याडचा काठ थोडा पल्याडच राहू दे.
माय उभी मागल्या काठी, पदर तिचा दिसते,
पदर तिचा दिसे तोवर पान्यावर राहू दे.

रहमतबीच्या हातातली बांगडी तशीच राहिली. तिनं विचारलं, "हे कोनाचं?"

"माह्यंच," रंभा म्हणाली. "मागच्या खेपेले येताना डोंग्यात सुचलं."

"आनखी एकदा म्हण."

त्या दिवशी घरी येताना रहमतबीनं पाची बोटं नव्यानं लावली. गुणाबाईचा बैल सात वर्षांनी अंगठ्यावरून उतरला.

पुढच्या आठवड्यात सावरटोल्यात तिनं हे सांगितलं तेव्हा गुणाबाईचं तोंड उतरलं. ती साठीला आलेली, दात पडलेली बाई, पण मान अजून ताठ होती. "म्हनून दाखव," ती म्हणाली. "आमी आयकू आन ठरवू."

रहमतबीचा आवाज काही गाण्याचा नव्हता. तिनं जसं ऐकलं होतं तसं म्हटलं. एकजण उठून चुलीकडं गेली. गुणाबाई म्हणाली, "हे तं रडगानं हाय. अशी माय तं सगळ्याइची काठावर उभी राह्यते. याच्यात नवीन काय?"

ते रहमतबीला लागलं. आजवर तिचा निवाडा कुणी असा परतवला नव्हता. वाटेनं ती तेच घोळत गेली. दुपारी ती मेंढटोल्यात पोचली. तिथं रोवणा थांबवून बायका बांधावर शिदोरी सोडून बसल्या होत्या. तिथंही प्रश्न झाला आणि तिथंही तिला गाणं म्हणून दाखवावं लागलं. पण या वेळी तिनं "डोंगावाल्या दादा"च्या जागी "डोंगावाल्या राजा" म्हटलं.

बायकांत हसू फुटलं. एकीनं दुसरीच्या पाठीत धपाटा घातला. "आनखी म्हण, रहमतबाई, आनखी म्हण!" तिनं पुन्हा म्हटलं. माय आणि पदराच्या ओळी आल्या तेव्हा बायकांचं लक्ष उडालं, म्हणून तिसऱ्यांदा म्हणताना त्या दोन ओळी तिनं सोडून दिल्या. रोवणा पुन्हा सुरू झाला तेव्हा बांधीतल्या सगळ्या बायका तेच गात होत्या. टोपली डोक्यावर घेऊन ती बांधावरून चालली होती आणि गाणं तिच्या मागं मागं येत होतं. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

"जीभ घसरली, असं मी सगळ्याइले सांगत आली," पुढं कितीतरी वर्षांनी ती सुलतानाला म्हणाली. "जीभ नाई घसरली. मले माहीत होतं मी काय म्हनून राह्यली."

त्या पावसाळ्यात तिनं ते गाणं आणखी चार गावांत म्हटलं आणि प्रत्येक ठिकाणी, तिच्या रिवाजाप्रमाणं, गावाचं आणि बाईचं नाव सांगून म्हटलं. खैरटोल्याची रंभा, दसरूची बायको. खैरटोल्यात गेली की ती रंभाला एवढंच सांगायची, "अजून अंगठ्यावरच हाय वो." रंभा लाजून हसायची. आश्विनात तर तिनं स्वतःच दारात येऊन विचारलं, "मावशी, उतरलं तं नाई ना?" तिकडं तिचं गाणं कोणत्या शब्दांनी फिरतंय हे तिला ठाऊक नव्हतं. रहमतबीनं सांगितलं नाही.

दिवाळीनंतर सावरटोल्याची मंडई भरली. मंडई म्हणजे आसपासच्या गावांची माणसं, पाहुणे, लेकी-जावई, मुरमुरे-फुटाण्यांची दुकानं आणि भर दुपारी मैदानात दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ. रहमतबीनं एका चिंचेखाली बांगड्या मांडल्या होत्या. दंडारीत लुगडं नेसून नाचणारा गडी पुढं आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि ओरडला, "आता आयका, नऊ गावात नंबर एकचं गानं! खैरटोल्याच्या रंभाबाईचं!"

आणि त्यानं "डोंगावाल्या राजा" सुरू केलं. दुसरा गडी वल्हं मारत मारत त्याच्याभोवती फिरू लागला. वल्हं मारणाऱ्यानं कोलूसारखा फाटका पंचा डोक्याला गुंडाळला होता आणि कोलूसारखाच तो एका पायानं लंगडत होता. लोक लोळून हसत होते.

रहमतबीला पहिल्यांदा आनंद झाला. आपण लावलेला नंबर मैदानात जाहीर होतोय, याचा आनंद. मग गर्दीत तिला दसरू दिसला. त्याच्या हातात मंडईतून घेतलेली बत्ताशांची पुडी होती. त्यानं ती खाली ठेवली, शेजारच्याला काही न बोलता गर्दीतून वाट काढली आणि तो गावाच्या रस्त्याला लागला.

त्याच क्षणी आपण उठायला हवं होतं, असं रहमतबी पुढं म्हणायची. त्याच्यामागं जायला हवं होतं. पण समोर दोन बायका हात पुढं करून बसल्या होत्या. तिनं त्यांना बांगड्या भरल्या. कार्तिकात ती खैरटोल्याला गेली नाही. मार्गशीर्षातही गेली नाही. दंडारीतलं गाणं लोक चार दिवसांत विसरतात, अशी तिनं आपली समजूत घातली. बाकीच्या गावांत "डोंगावाल्या राजा"ची फर्माईश झाली की "घसा बसला" म्हणून ती टाळायची.

पौषात एका बाजाराच्या दिवशी ब्रह्मपुरीत तिला कोलू भेटला. पन्नाशीचा माणूस, मोठ्या लेकीला दोन पोरं झालेली. मासोळ्यांची पाटी पुढं घेऊन बसला होता. पूर्वी तो बाजारात बसत नसे. तिनं विचारलं, "डोंगा कुठी?"

"बांधून ठेवला," कोलू म्हणाला. "खैरटोल्याची एकबी बाई बसत नाई आता. बाईमानसं नाई बसली तं गडी एकटे कितीक बसनार?" त्यानं मासोळ्यांवर पाणी मारलं. "त्याचं काई नाई, बाई. पन त्या पोरीची माय लय बिमार हाय पल्याड. दोन डाव मी निरोप घेऊन गेलो दारात. दसरू म्हनते, तुले काऊन येवढी काळजी? दुसऱ्या डावाले, आठ दिस झाले त्याले, त्यानं मले आंगनातबी येऊ नाई देल्लं."

"रंभाले सांगतलं का त्यानं?"

"मले नाई वाटत."

रहमतबीनं बांगड्यांची टोपली तिथल्या तिथं शेजारणीच्या हवाली केली आणि रिकाम्या हातानं खैरटोल्याची वाट धरली. तीन कोस. गुणवंतराव अंगणात धानाची रास झाकत होते. कडक माणूस, पण कुणावर आवाज चढवणारा नव्हे. तिला पाहून त्यांनी हात झटकले, पण बसा म्हटलं नाही.

"गुणवंतभाऊ," ती उभ्यानंच म्हणाली, "त्या गान्यात दादा होता. राजा मी केला. पोरीनं डोंगावाल्याले भाऊ म्हटलं होतं. पुढं तिच्या मायचं होतं, ते मी काढून टाकलं."

गुणवंतरावांना पहिल्यांदा काही उमगलं नाही. तिनं मूळ गाणं म्हणून दाखवलं. तिथंच, अंगणात, धानाच्या राशीपाशी, चारही ओळी.

"काऊन केलं?" त्यांनी विचारलं.

"बाया हसाव्या म्हनून."

मग तिनं आईच्या आजाराचं सांगितलं, आणि कोलू दोनदा येऊन गेल्याचंही. त्यांना तेही माहीत नव्हतं. त्यांनी दसरूला हाक मारली. दसरू बाहेर आला, रहमतबीला बघून थबकला. बापानं त्याला एवढंच विचारलं, "निरोप आला होता का?" दसरूनं मान खाली घातली.

त्याच दिवशी गुणवंतराव सुनेला घेऊन निघाले. डोंगा बांधलेला, म्हणून ब्रह्मपुरीला येऊन छोट्या रुळांच्या आगगाडीनं वडशाला, तिथून बैलगाडीनं. पोचले तेव्हा आईला जाऊन तीन दिवस झाले होते. नदीनं गेलं तर अर्ध्या दिवसाची वाट होती ती.

रहमतबी चैत्रात रंभाला भेटायला गेली. टोपलीत तिनं हिरव्या बांगड्यांचा एक जोड वेगळा ठेवला होता. रंभा मागच्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिनं टोपलीकडं पाहिलं आणि म्हणाली, "हात भरलेले हायेत, मावशी."

"बांगड्या घालाले नाई आली."

"मंग?"

रहमतबीनं जे गुणवंतरावांना सांगितलं होतं तेच सांगितलं. माफी हा शब्द तिला उच्चारता आला नाही. ती नुसतीच चुकली, चुकली म्हणत राहिली. रंभा मोहफुलं पसरवत होती. सगळी पसरून झाल्यावर उठली.

"मामंजीनं सांगतलं मले सगळं," ती म्हणाली. "तुमच्यावरच सगळा राग काहाडावा असं मनात येते. पन मीबी तं विचारत होती ना, उतरलं का म्हनून? मले गोड वाटत होतं. तिकडं माय खोकून राह्यली होती आन मी इथी नंबर विचारून राह्यली होती."

"तुले काय माहीत होतं वो बाई..."

"आता ते अंगठ्यावरून काहाडा," रंभा म्हणाली. "कोन्याच बोटावर ठेवू नोका."

ती आत गेली. सासूनं बाहेर येऊन रहमतबीला पाणी दिलं. सासूला दोघींचीही बाजू घ्यायची होती. "घर आता ठीक हाय," ती म्हणाली. "दसरू तिले काई बोलत नाई. पन रंभा गात नाई आता. जात्यावरबी नाई."

त्या वर्षीच्या रोवण्यात रहमतबीनं एक प्रयत्न केला. बांगड्या विकायच्या बाजूला ठेवून ती गावोगाव बांधावर बसली आणि बायकांना सांगू लागली की गाण्यात राजा नाही, दादा आहे, आणि पुढं मायच्या दोन ओळी आहेत. चारही ओळी म्हणून दाखवायची. बायका ऐकून घ्यायच्या. तिचा मान होता. मेंढटोल्यातली एकजण म्हणाली, "खरं असन, रहमतबाई. पन राजाच चांगलं लागते." आणि ती उठली की मागं पुन्हा तेच सुरू व्हायचं. सावरटोल्यात गुणाबाईनं मात्र गाणं नीट ऐकलं, दोनदा ऐकलं. त्या वर्षी तिची धाकटी लेक बाळंतपणात गेली होती. ती म्हणाली, "मागच्या साली मी याले रडगानं म्हटलं ना?" मग तिनं स्वतःच चारही ओळी म्हटल्या. नऊ गावांत दादा म्हणणारी ती एकटीच, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीही गेली.

कोलूनं डोंगा विकला नाही, पण पाण्यात पुन्हा घातलाही नाही. उन्हानं त्याच्या फळ्या उकलल्या. रहमतबी गुणवंतरावांना घेऊन त्याच्याकडे गेली होती. गुणवंतरावांनी गावाच्या वतीनं त्याला म्हटलं, चूक झाली, डोंगा सोड. कोलू हात जोडून म्हणाला, "तुमी म्हनता तं झालं, भाऊ. पन आता बाई बसली का मीच तिच्याकडं पाहाले भितो." तो वडशाकडं लाकडाच्या ठेकेदाराकडं ओंडके भरायच्या कामाला गेला.

रहमतबीनं नंबर लावणं सोडलं. बायका विचारायच्या, पंजा पुढं करायच्या, आणि ती म्हणायची, "आता ध्यानात राह्यत नाई." ते खोटं होतं. सुलताना सांगते की अम्मा घरी काम करता करता ती गाणी ओळीनं पुटपुटायची, बैलाचं, मग गोंडी, मग बाकीची. रंभाचं कधी नाही. एकदा सुलतानानं तिला विचारलं, "अम्मा, वो गाना अच्छा था क्या सच में?" रहमतबी कणीक मळत होती. तिनं हात थांबवले नाहीत. "सबसे अच्छा था," ती म्हणाली. "इसीलिए तो."

छप्पन सालानंतर ती नदीकाठची गावं सोडून नागभीडच्या बाजूला फिरायला लागली. तिकडं तिला कुणी ओळखत नव्हतं. अठ्ठावनच्या श्रावणात तिकडच्या एका सपरीत एक नवी सून हात पुढं करून बसली होती आणि आपणहून गुणगुणत होती. साधंच काहीतरी, पावसात भिजलेल्या वासराचं. मग तिनं विचारलं, "कसं हाय वो, बाई?"

"तुले आवडते का?" रहमतबीनं विचारलं.

"मले आवडते."

"मंग म्हनत जा," रहमतबी म्हणाली, आणि तिनं दुसरा हात पुढं करायला सांगितला.